घरचे व्हिडिओ टीव्हीवर आणि मोबाइलवर बघायचेत? होम मीडिया सर्व्हर निवडताना हे बघा

फोनचं स्टोरेज भरलं की आपण आधी व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुप्रभात उडवतो, मग स्क्रीनशॉट उडवतो, आणि तरीही जागा झाली नाही की भाचीच्या बारशाचा व्हिडिओ हार्ड डिस्कवर टाकून ती डिस्क कपाटात ठेवून देतो. कपाटात गेलेला व्हिडिओ त्यानंतर कोणी बघत नाही. डिस्क शोधा, केबल शोधा, लॅपटॉपला लावा, एवढी खटपट चार मिनिटांच्या व्हिडिओसाठी कोण करणार?

होम मीडिया सर्व्हर म्हणजे यावरचा उपाय. घरातला एक कॉम्प्युटर कायम चालू ठेवायचा, सगळे व्हिडिओ त्यावर ठेवायचे, आणि घरातल्या टीव्हीवर, मोबाइलवर, टॅबवर एका अ‍ॅपमधून ते बघायचे. पोस्टर, यादी, शोध, 'इथून पुढे बघा' वगैरे सगळं ओटीटीसारखंच, फक्त माल आपला आणि महिन्याचं भाडं नाही.

ऑफिसमध्ये मी सॉफ्टवेअर लिहितो म्हणून हा विषय निघाला की नातेवाईक आणि मित्र मलाच विचारतात, 'कोणता बॉक्स घेऊ?' बॉक्स ही शेवटची गोष्ट आहे. आधीचे दोन प्रश्न सुटले की बॉक्स आपोआप ठरतो, आणि बऱ्याचदा तो घरातच पडलेला असतो.

आधी बघा, सर्व्हर खरंच हवाय का?

घरात एकच टीव्ही आहे आणि व्हिडिओ फक्त त्यावरच बघायचेत, तर पेन ड्राइव्ह पुरतो. थोडं पुढे जायचं असेल तर अनेक राऊटरना मागे यूएसबी पोर्ट असतो. तिथे डिस्क लावली, राऊटरच्या सेटिंगमध्ये शेअरिंग चालू केलं, की मोबाइलवरच्या व्हीएलसी अ‍ॅपमध्ये 'लोकल नेटवर्क'खाली ती डिस्क दिसते. टीव्हीवर कोडी टाकलं तर तेही हीच शेअर केलेली फोल्डर वाचतं. कोडीचं जुनं नाव एक्सबीएमसी, २०१४ मध्ये नाव बदललं. कोडी हा मुळात प्लेअर आहे, म्हणजे सगळं काम टीव्हीवरच्या अ‍ॅपने करायचं, पलीकडे नुसती फायलींची थप्पी.

ही सोय दोन ठिकाणी तोकडी पडते. एक, टीव्हीला फाइल चालवताच आली नाही तर पुढे रस्ता नाही. दोन, घराबाहेरून बघायचं असेल तर. यापैकी काही तुम्हाला लागू होत नसेल तर खरंच, इथेच थांबा आणि पैसे वाचवा.

सगळा खेळ ट्रान्सकोडिंगचा

मीडिया सर्व्हरबद्दल एकच गोष्ट नीट समजून घ्यायची असेल तर ही घ्या.

एमपी४ किंवा एमकेव्ही हा नुसता डबा असतो. डब्यात कोणती भाजी आहे ते कोडेकवरून ठरतं. एच.२६४ हा जुना कोडेक जवळजवळ सगळीकडे चालतो. आजकालचे फोन बऱ्याचदा एचईव्हीसीमध्ये रेकॉर्ड करतात, त्यालाच एच.२६५ म्हणतात. तो जागा कमी खातो, पण जुन्या टीव्हीला आणि काही ब्राउझरना पचत नाही. त्याहून नवा एव्ही१.

तुम्ही टीव्हीवर प्ले दाबलं की सर्व्हर विचार करतो: या टीव्हीला ही फाइल आहे तशी चालवता येईल का? येत असेल तर फाइल जशीच्या तशी पाठवली जाते. याला डायरेक्ट प्ले म्हणतात. यात सर्व्हरला जवळपास काहीच काम नसतं, दहा वर्षं जुना लॅपटॉपही हे आरामात करतो. कधी कधी भाजी चालते पण डबा चालत नाही, मग सर्व्हर डबा बदलून देतो. तेही हलकं काम. पण भाजीच चालत नसेल तर सर्व्हरला तो व्हिडिओ त्याच क्षणी, तुम्ही बघत असताना, दुसऱ्या कोडेकमध्ये नव्याने बनवावा लागतो. हे ट्रान्सकोडिंग. इथे प्रोसेसरचा घाम निघतो, आणि व्हिडिओ अडखळायला लागला की आपण शिव्या मात्र वायफायला देतो.

ट्रान्सकोडिंग कधी लागतं? टीव्हीला कोडेक कळत नाही तेव्हा. बाहेरगावच्या हळू इंटरनेटवर मोठी फाइल छोटी करून पाठवायची असते तेव्हा. फोनवर एचडीआरमध्ये शूट केलंय आणि टीव्ही साधा आहे तेव्हा, कारण रंग जुळवले नाहीत तर हळदीचा पिवळा रंग धुतल्यासारखा फिका दिसतो. आणि चौथं कारण कोणाच्या लक्षात येत नाही: सबटायटल. डीव्हीडी आणि ब्लू-रेमधली सबटायटल्स ही अक्षरं नसून चित्रं असतात. प्लेअरला ती दाखवता आली नाहीत तर सर्व्हर ती व्हिडिओवर छापून देतो, म्हणजे पूर्ण व्हिडिओ पुन्हा बनवतो. एसआरटी फाइल साधा मजकूर असते, तिचा त्रास नाही. मराठी एसआरटी असेल तर ती यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, आणि अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर फाइल बिघडलेली नसून प्लेअरकडे देवनागरी फॉन्ट नाही एवढंच समजा.

आता तुमच्या घरी काय होईल ते खरेदीआधीच तपासता येतं. फोनवरून तीन-चार वेगवेगळे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घ्या आणि टीव्हीला लावून बघा. सगळे चालले तर घरातल्या घरात तुमचं काम बहुतेक डायरेक्ट प्लेवर भागेल.

बॉक्स कोणता?

घरात जुना लॅपटॉप असेल तर पहिला मान त्याचा. स्क्रीन फुटलेली असली तरी चालेल, की-बोर्डची अर्धी बटणं गेलेली असली तरी चालेल. बघायचं ते प्रोसेसरकडे. इंटेलच्या चिपमध्ये क्विक सिंक नावाचा भाग असतो, तो ट्रान्सकोडिंगचं काम मुख्य प्रोसेसरला न शिणवता करतो. हा २०११ पासून आहे, पण फोनवरचा एचडीआर व्हिडिओ १०-बिट एचईव्हीसीमध्ये असतो आणि तो नीट हाताळणारा क्विक सिंक सातव्या पिढीपासून मिळाला. पिढी ओळखायची कशी? 'आय५-७२००यू' असं नाव असेल तर रेघेनंतरचा पहिला आकडा बघा, इथे ७. दहाव्या पिढीपासून पुढे दोन आकडे धरायचे. सातवी किंवा पुढची असेल तर नवीन काही घेऊ नका.

लॅपटॉपचा आणखी एक फायदा म्हणजे बॅटरी. वीज गेली तर मशीन तडकाफडकी बंद पडत नाही. पण वर्षभर चार्जरला लावून ठेवलेली जुनी बॅटरी फुगू शकते. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर वापरा. टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी लगेच काढून टाका, त्यात हयगय नको. झाकण बंद केल्यावर झोपू नये हे सेटिंगही करावं लागतं.

लॅपटॉप नसेल तर माझं मत इंटेल एन१०० चिपच्या मिनी पीसीला. ही चिप २०२३ च्या सुरुवातीला आली. कंपनीच्या आकड्यांत ६ वॅटची चिप, पण क्विक सिंक नव्या जमान्याचा: १०-बिट एचईव्हीसी वाचते, बनवते आणि एव्ही१ वाचते. टिफिनच्या डब्याएवढा बॉक्स टीव्हीमागे मावतो.

रास्पबेरी पायबद्दल खूप जण विचारतात, कारण यूट्यूबवर सगळ्यांनी तेच केलंय. पाय ५ हा उत्तम छोटा कॉम्प्युटर आहे, पण त्यात व्हिडिओ बनवणारा हार्डवेअर एन्कोडरच नाही, म्हणजे ट्रान्सकोडिंगची वेळ आली की सगळा भार प्रोसेसरवर. फक्त डायरेक्ट प्ले करणार असाल तर घ्या. त्यात केस, अ‍ॅडॅप्टर आणि स्टोरेज यांचा खर्च जोडा आणि मग मिनी पीसीशी तुलना करा.

नास म्हणजे दोन-चार डिस्क मावणारी तयार पेटी. ज्यांना स्क्रू खोलायचे नाहीत, सेटिंगमध्ये शिरायचं नाही, त्यांच्यासाठी चांगली. पण डिस्क बहुतेकदा वेगळ्या घ्याव्या लागतात आणि स्वस्त मॉडेलमधल्या चिपना ट्रान्सकोडिंग झेपत नाही. स्टुडिओ चालवणाऱ्या मित्राला मी नास सुचवीन, तुम्हाला लगेच नाही.

जुना डेस्कटॉप? विजेचं गणित करा. प्लगला लावायच्या मीटरवर माझा जुना लॅपटॉप स्क्रीन बंद असताना १२ वॅटच्या आसपास दाखवतो. चोवीस तास, तीस दिवस म्हणजे ८.६४ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तर महिन्याला ८६ रुपये. ५० वॅट खाणारा डेस्कटॉप त्याच हिशोबाने ३६ युनिट, ३६० रुपये. 'फुकट' मिळालेला डेस्कटॉप वर्षाला चार हजारांवर जातो.

डिस्क किती मोठी हवी? आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमधलेच ढोबळ आकडे घ्या: एचईव्हीसीमध्ये १०८०पी, ३० फ्रेमचा एक मिनिट ६० एमबी, ४के ३० फ्रेमला १७० एमबी, आणि ४के ६० फ्रेमला ४०० एमबी. म्हणजे ४के ३० फ्रेममध्ये तासाला साधारण १० जीबी, एका टीबीमध्ये शंभरेक तास. घरच्या व्हिडिओंना २ टीबी बरीच वर्षं पुरते. एक बारीक गोष्ट: मोठ्या ३.५ इंची डिस्कला स्वतःचा अ‍ॅडॅप्टर लागतो, त्यामुळे वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू आणि डिस्क मात्र मधेच बंद, असा प्रकार होतो. लॅपटॉपसोबत यूएसबीवरच चालणारी २.५ इंची डिस्क बरी.

सॉफ्टवेअर: जेलीफिन की प्लेक्स?

एम्बी नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. आधी ते मुक्तस्रोत होतं, मग कंपनीने कोड बंद केला. त्यावर काही लोकांनी डिसेंबर २०१८ मध्ये जुना मुक्त कोड घेऊन वेगळी चूल मांडली, ते जेलीफिन. आजही पूर्ण फुकट, कंपनीचं खातं काढावं लागत नाही, आणि हार्डवेअर ट्रान्सकोडिंगही फुकट. एम्बी आणि प्लेक्समध्ये हार्डवेअर ट्रान्सकोडिंगसाठी पैसे मोजावे लागतात.

प्लेक्स दिसायला अधिक गुळगुळीत आहे, टीव्हीवरची अ‍ॅप जास्त ठिकाणी मिळतात, आणि घराबाहेरून बघणं सेट करायला सोपं आहे. पण एप्रिल २०२५ च्या शेवटापासून घराबाहेरून स्वतःचेच व्हिडिओ बघायलाही सशुल्क पास लागतो, आणि आजीवन पासची किंमत साधारण १२० डॉलरवरून २५० डॉलरवर गेली. शिवाय लॉगिन त्यांच्या सर्व्हरवरून होतं. घरचं इंटरनेट बंद असताना घरातल्या घरात बघायचं तर सेटिंगमध्ये आधीच सोय करून ठेवावी लागते.

माझा कौल जेलीफिनला. कारण फक्त पैसे नाहीत. ज्या संग्रहात आजीचा आवाज आहे तो उघडायला कोणत्या कंपनीचं लॉगिन पानच आधी उघडावं लागावं, हे मला पटत नाही. मात्र घरात सेटिंग सांभाळणारं कोणी नसेल आणि पैसे द्यायची तयारी असेल तर प्लेक्स घेणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही.

जेलीफिन विंडोजवर नेहमीच्या सॉफ्टवेअरसारखंच बसतं, लिनक्सवर अधिक हलकं चालतं. बसलं की ब्राउझरमध्ये त्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता आणि पुढे पोर्ट ८०९६ टाका, पुढचं ते विचारत जातं. लायब्ररी बनवताना प्रकार काळजीपूर्वक निवडा. 'मूव्हीज' निवडलंत तर ते तुमच्या फाइलचं नाव इंटरनेटवरच्या सिनेमांच्या यादीशी जुळवायला जातं आणि 'लग्न' नावाच्या फाइलला कुठल्यातरी सिनेमाचं पोस्टर चिकटवून मोकळं होतं. घरच्या व्हिडिओंसाठी 'होम व्हिडिओज अँड फोटोज' हा वेगळा प्रकार आहे. प्लेक्समध्ये त्यालाच 'अदर व्हिडिओज' म्हणतात.

नावं देताना तारीख आधी, वर्षापासून: '२०१४-०५-११ ताईचं लग्न, हळद'. अशाने यादी आपोआप काळानुसार लागते. आकडे एकतर सगळे इंग्रजी ठेवा नाहीतर सगळे मराठी, मिसळले की क्रम विस्कटतो. घरातल्या प्रत्येकाला वेगळा युजर द्या आणि डिलीट करायची परवानगी फक्त स्वतःकडे ठेवा.

टीव्हीवर अ‍ॅप आहे का हे मात्र आधी टीव्हीच्याच स्टोअरमध्ये शोधा. अँड्रॉइड टीव्ही आणि फायर टीव्हीवर जेलीफिन आहे. तुमच्या टीव्हीवर नसेल तर टीव्ही बदलू नका, छोटी स्टिक घ्या. कोडेकचा प्रश्नही अनेकदा तीच सोडवते. आणि सर्व्हर शक्यतो राऊटरला लॅन केबलने जोडा. ४के ६० फ्रेमचे ४०० एमबी मिनिटाला म्हणजे सेकंदाला ५३ मेगाबिट. सर्व्हरही वायफायवर आणि टीव्हीही वायफायवर असेल तर तोच माल हवेतून दोनदा जातो, आणि २.४ गिगाहर्ट्झवर, शेजारच्या दहा राऊटरच्या गर्दीत, तो अडकतो.

डीव्हीडी आणि कॅसेट: हे काम आधी करा

सर्व्हर पुढच्या महिन्यात घेतलात तरी चालेल, पण आईबाबांच्या लग्नाची कॅसेट आणि मामाच्या लग्नाची डीव्हीडी थांबणार नाही. घरी राइट केलेल्या डीव्हीडीतला रंगाचा थर वर्षांगणिक खराब होतो. आपल्याकडच्या, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत कॅसेटच्या फितीवर बुरशी धरते. बुरशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालून बघू नका, फितही जाईल आणि हेडही. हे काम करणाऱ्या माणसाकडे न्या.

लग्नाच्या डीव्हीडीला सहसा सिनेमासारखं कुलूप नसतं. आत 'व्हिडिओ_टीएस' नावाची फोल्डर असते, तिच्यात एकेका जीबीपर्यंतचे व्हीओबी तुकडे. आधी अख्खी फोल्डर जशीच्या तशी कॉपी करा. मग मेकएमकेव्हीने तुकडे जोडून एक एमकेव्ही करा, यात दर्जा अजिबात घटत नाही. ही फाइल ७२० बाय ५७६ ची आणि इंटरलेस्ड असते, म्हणजे प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या पट्ट्यांची. म्हणून नवऱ्याच्या हलणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दाते दिसतात. हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस चालू करून एच.२६४ ची एक प्रत बनवा, बघायला ती. मूळ मात्र पुसू नका. दोन तासांची डीव्हीडी जास्तीत जास्त ४.७ जीबी, तेवढ्या जागेसाठी घासाघीस नको.

नातेवाइकांकडून व्हिडिओ मागवताना व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नेहमीच्या पद्धतीने आलेला व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो आणि तो पुन्हा मोठा होत नाही.

घराबाहेरून बघायचं असेल तर

यूट्यूबवर सांगतात, राऊटरमध्ये पोर्ट उघडा. तसं करू नका. भारतात अनेक कनेक्शनवर ते चालतही नाही, कारण एकच सार्वजनिक पत्ता कंपनी अनेक घरांत वाटते. राऊटरच्या पानावर तुमचा वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही त्यातलेच. आणि चाललं तरी धोका खरा आहे. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीतून ग्राहकांचा डेटा चोरीला गेला, त्यात एक पायरी होती एका इंजिनिअरचा घरचा कॉम्प्युटर. त्यावरच्या मीडिया सर्व्हरमधल्या, २०२० मध्येच दुरुस्त झालेल्या त्रुटीतून हल्लेखोर आत शिरला. अपडेट आलं होतं, टाकलं नव्हतं.

मी टेलस्केल वापरतो. वायरगार्डवर बांधलेलं, घरगुती वापराला फुकट. सर्व्हरवर आणि फोनवर टाकून एकाच खात्याने लॉगिन केलं की दोन्ही एकाच खाजगी जाळ्यात येतात, पोर्ट उघडावा लागत नाही. अँड्रॉइड टीव्हीवरही त्याचं अ‍ॅप आहे. न्यू जर्सीच्या मावशीला पूर्ण जाळं न देता फक्त सर्व्हरचं मशीन शेअर करता येतं. तिच्यासाठी जेलीफिनमध्ये बिटरेटची मर्यादा ४-५ मेगाबिट ठेवा. इथे ट्रान्सकोडिंग होणारच, आणि तुमच्या बॉक्समधला क्विक सिंक इथेच कामी येतो.

दुसरी प्रत

सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारं रेडसुद्धा बॅकअप नव्हे: एका डिस्कवर पुसलं की दुसरीवरही त्याच क्षणी पुसलं जातं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, हा जुना नियम इथेही लागू. सिनेमे गेले तर पुन्हा मिळतील, बारसं मिळणार नाही. म्हणून बजेट अपुरं असेल तर भारी मिनी पीसीऐवजी जुन्या लॅपटॉपवर भागवा आणि उरलेल्या पैशांत दुसरी डिस्क घ्या.

माझी घराबाहेरची डिस्क गावी काकांच्या कपाटात असते. गणपतीला जाताना नवीन भरलेली नेतो, जुनी परत आणतो, आणि आणल्यावर त्यातले चार-पाच व्हिडिओ कुठूनही उघडून शेवटपर्यंत चालवून बघतो. सर्व्हरच्या बुडाला एक कागद चिकटवलाय, त्यावर अ‍ॅडमिन पासवर्ड आणि डिस्क कुठे आहे ते मराठीत लिहिलंय. धाकट्या भावाला तो कागद माहीत आहे.